आईच्या दारातला ठोका

बैत लोज, ८ एप्रिल २०१८

शुक्री,

काल चर्चचं स्काऊट पथक आपल्या दारावरून न वाजवता, मुक्यानं गेलं. आईला जाऊन वर्ष उलटलं तरी मुक्यानं गेलं, आणि ते तुझ्यामुळे. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण पहिलं पान वाचून उरलेलं पत्र तू दुकानाच्या गल्ल्याखाली सरकवतोस, असं चिलीतल्या सांतियागोहून आलेली माणसं सांगतात.

फोन तू उचलत नाहीस. म्हणून हे पत्र अबू रिझिकच्या मेहुण्याबरोबर पाठवतेय. तू वाचून संपवेपर्यंत तो तुझ्या दुकानात बसून राहणार आहे, तसं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. त्याला कॉफी दे. त्याचा काही दोष नाही.

काल प्रकाशाचा शनिवार, आज ईस्टर. जेरुसलेमहून पवित्र अग्नी घेऊन येणारी गाडी तपासणी नाक्यावर अडकली, दरवर्षी अडकते तशी. पथक विहिरीच्या चौकात उन्हात ताटकळत उभं. लहान पोरांच्या हातात रिकामे कंदील, पोटात उपास, आणि त्यांच्या आया कडेला उभ्या राहून गळपट्ट्यांच्या गाठी सारख्या करताहेत. शेवटी अग्नी आला, पाद्री अबूना समआननी पहिला कंदील पेटवला, आणि ढोल, ताशे, बॅगपाईप एकदम सुटले. माझी रुबा दुसऱ्या रांगेत पाईप वाजवत होती. तू गेलास तेव्हा ती तुझ्या ढोलावर बसून पाय हलवायची. आता पंचवीस उलटलीय तिची, आणि तिच्या पाईपच्या आवाजानं माझं कपाट हादरतं.

आपल्या कोपऱ्यावर अबू रिझिकनं हात वर केला. ताशे थांबले, पाईप काखेत गेले, आणि मग नुसते बूट. तुला नियम सांगायची गरज नाही, पण तू विसरल्यासारखा वागतोस म्हणून लिहिते. ज्या घरात दुखवटा आहे त्या घरापुढून पथक वाजवत जात नाही. वर्ष सरलं की पथक दारात थांबतं, मोठा ढोल उंबऱ्यापाशी आणतं, आणि घरातला मुलगा बाहेर येऊन एकच ठोका मारतो. त्या ठोक्यानं घर उघडतं. मग बायका जिभा हलवून ललकारतात, कॉफीत साखर पडते, घरात पुन्हा लग्नकार्य होऊ शकतं. ठोका पडला नाही तर घर बंद. दहा वर्षं बंद राहिलं तरी पथक बुटांवरच जाणार.

मी काळं सोडून तपकिरी झगा घातला होता. खजुराचे मामूल करून ठेवले होते, दोन परातीभर. नबीलनं ढोल उंबऱ्याला टेकवला आणि अबू रिझिकनं टिपरू माझ्यापुढे धरलं. हो, माझ्यापुढे.

"विदादताई, वर्ष झालं. उघडूया?"

"मुलगा उघडेल," मी म्हटलं.

"ताई, मुलगा कुठाय?"

"मुलगा जिवंत आहे. जिवंत मुलाच्या घरात मुलगी ठोका मारत नाही. पथकाचा प्रमुख तू की मी?"

मागची पोरं चुळबुळायला लागली, एकाच्या कंदिलातली वात फडफडली. मग अबू रिझिकनं ढोल उचलायला सांगितलं आणि पथक गेलं. मामूल मी सगळ्या गल्लीत वाटले, नाहीतर परातीतच दगड झाले असते.

उम्म फरजच्या घरी काय झालं ते तुला आठवत असेल. तिचा मुलगा कुवेतला वारला आणि पुढं मोठ्या मुलीनं ठोका मारला. त्या दिवसापासून ते घर गावासाठी 'पोरींचं घर'. मुलगी ठोका मारते त्याचा अर्थ एकच, या घरात मुलगा उरला नाही. मी टिपरू हातात घेतलं की गावाच्या लेखी तू मेलास. मला तुझा कितीही राग येत असला तरी माझ्या हातून तुला मारायला लावू नकोस.

नाताळला ये. आमच्या जुन्या कॅलेंडरच्या नाताळला, सहा जानेवारीच्या मिरवणुकीला, पंचवीस डिसेंबरला येऊन माझी ऐनवेळी धावपळ करू नकोस. सीमेवरचा पूल ओलांडून सरळ ये, ठोका मार, हवं तर दुसऱ्या दिवशी परत जा.

विदाद


बैत लोज, १९ ऑगस्ट २०१८

शुक्री,

तुझा निरोप मिळाला. तीन महिने विचार करून माणसानं सात शब्द पाठवले: "आईनं ढोलाला हात लावू नको म्हटलं होतं." वा रे वा. आईचं बाकी काय काय ऐकलंस तू, तेही सांग. तिनं लोकरीचे मोजे घाल म्हटलं होतं, लग्न कर म्हटलं होतं, दर रविवारी फोन कर म्हटलं होतं. नेमकं एवढं एकच तेवढं लक्षात राहिलं.

बरं, आता विषय निघालाच आहे तर सगळा काढू. इतकी वर्षं आपण दोघंही मूग गिळून बसलो, त्यानं कुणाचं भलं झालं?

बाबा गेले त्या वर्षीचा प्रकाशाचा शनिवार. बाबांना सहा महिनेही झाले नव्हते. मोठा ढोल तुझ्याच गळ्यात होता, कारण गावात तुझ्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. तू दुखवट्यात वाजवतोस कसा, असं काही म्हाताऱ्यांनी विचारलं, तेव्हा आईच म्हणाली होती, "अग्नी येतोय तो देवाचा येतोय, वाजवू दे त्याला. आपल्या दारात थांबला म्हणजे झालं." कोपऱ्यावर हात वर झाला. ताशे थांबले. पाईप थांबले. आणि तुझा ठोका पडला. एकच. नेमका आपल्या उंबऱ्यापुढे.

सवयीनं पडला, की मनातून पडला, हे तू कधी सांगितलं नाहीस. मी विचारलंही नाही. काही म्हणाले, हाताचा काय दोष, वीस वर्षं त्याच वळणावर तोच हात तोच ताल धरून चालतोय. काही म्हणाले, पोरानं बापाचं दु:ख मुद्दाम झटकलं. पण ठोका मुलाचा होता आणि दारात पडला होता. अबू रिझिकचे वडील तेव्हा प्रमुख, त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, "उघडलं ते उघडलं." दोन-तीन बायकांनी गडबडून ललकारही दिली. बाबांचं वर्ष तिथंच संपलं, अर्ध्यातच. वाजलेला ठोका परत ढोलात कसा घालायचा, ते कुणालाच माहीत नव्हतं.

आणि आई दारात येऊन म्हणाली ते मी विसरलेले नाही. "बापाचं वर्षसुद्धा धरवलं नाही तुला. माझ्या दारात पुन्हा ढोलाला हात लावायचा नाहीस." तू टिपरू दाराच्या खिळ्याला अडकवलंस, आत गेलास, आणि त्याच उन्हाळ्यात थेट चिलीला. तिथपर्यंत जायची काय गरज होती? बेथलेहेममध्ये मामाचं घर होतं.

पुढे काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. दर सणाला पथक यायचं तेव्हा आई खिडकीच्या झडपेमागं उभी राहायची आणि मला विचारायची, "ढोल कोणाकडे आहे?" तिला चांगलं माहीत असायचं, नबीलकडे आहे. तरी विचारायची. मी नबील म्हटलं की म्हणायची, "हा ढोल वाजवतो की गालिचा झोडपतो?" दरवर्षी हेच. शेवटच्या वर्षी तिला उभं राहवत नव्हतं, तरी खुर्ची खिडकीपाशी नेऊन घेतली आणि गालिच्याचं बोलून घेतलंच. हिला मुलाचा ढोल नको होता असं तुला वाटत असेल तर तू आईला ओळखलंच नाहीस. तिला तुझा ढोल हवा होता, पण शब्द मागं घेणं तिच्या रक्तात नव्हतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि तो पीळ तुझ्यातही तसाच उतरलाय. माझ्यात नाही असं मी म्हणत नाही.

आता खरी बातमी. रुबाचं ठरलं. मुलगा बैत साहूरचा, सामेर नाव, दातांचा डॉक्टर, बोलायला लाजतो. तारीख धरलीय फेब्रुवारीत, मोठा उपास लागायच्या आधी. आणि आता माझी अडचण ऐक. पथकातल्या मुलीच्या लग्नाला पथक तिच्या दारी येतं, ढोलताशांत तिला घेऊन चर्चला जातं. रुबा सात वर्षांची असल्यापासून दुसऱ्यांच्या लग्नात वाजवतेय. बर्फात वाजवलंय, तापात वाजवलंय. तिच्या लग्नाला तिचंच पथक आपल्या दारात मुकं उभं राहणार, कारण घर बंद.

नाताळला ये. गुडघ्याचं कारण सांगू नकोस. ठोका हातानं मारायचा असतो.

विदाद


बैत लोज, ८ जानेवारी २०१९

शुक्री,

नाही आलास. म्हणे दुकानात माल यायचा होता. माल.

परवा पुन्हा तेच. पथक थांबलं, नबीलनं ढोल टेकवला, अबू रिझिकनं टिपरू पुढे केलं, मी मान हलवली, ढोल उचलला. फरक एवढाच की या वेळी अबू रिझिक मला काही बोलला नाही. त्याचं न बोलणं मला जास्त लागलं. लहानपणी तुम्ही दोघं एका ताटात जेवायचात, एकाच तंबूत झोपायचात, एकमेकांचे गळपट्टे घालून फिरायचात. आता तो तुझं नाव काढत नाही, नुसतं 'ते' म्हणतो. "ते येणारेत का?"

मधल्या काळात इथं काय तमाशा झाला ते ऐक. पथकातल्या नव्या पोरांनी तोडगा काढला की शुक्रीकाकांना व्हिडिओवर घ्यायचं, त्यांनी तिथं ठोका मारायचा, आपण इथं स्पीकर लावायचा. चर्चच्या सभागृहात तीन संध्याकाळी यावर खल झाला. एक म्हणे ठोका हा आवाज आहे, आवाज कुठूनही येऊ शकतो. दुसरा म्हणे ढोल आपलाच हवा, सांतियागोचा कसा चालेल. तिसरा म्हणे तिथला ढोल चालेल, पण लग्नाचा रविवार दोन्हीकडे रविवारच असला पाहिजे. तीस-चाळीस शिकलेली माणसं. शेवटी अबू रिझिकनं मला बोलावून विचारलं, ताई, तुमचं काय मत?

मी म्हटलं, "मग पवित्र भाकरही फोनवरूनच द्या, मला चर्चचा चढ चढायला नको."

अबूना समआन खो खो हसले आणि सभा बरखास्त झाली.

नियमपुस्तकात हे कुठंच लिहिलेलं नाही, असंही एका पोरानं काढलं. खरं आहे, नाही लिहिलेलं. गळपट्टा फक्त आईनंच धुवायचा, हेही कुठं लिहिलेलं नाही. तरी पथकातल्या आईविना पोरांचे गळपट्टे आपली आई धुवायची, दर शनिवारी, अख्खी दोरी भरून. लिहिलेलं नाही म्हणून ते तिनं टाकलं नाही.

आता विहीणबाई. उम्म सामेर बाई चांगली आहे, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. परवा कॉफीला आली. बंद घरातली कॉफी, म्हणजे बिनसाखरेची. घोट घेऊन तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "विदाद, माझा एकुलता एक मुलगा. त्याची वरात मुकी निघाली तर आमच्याकडे लोक काय म्हणतील? अहो, एक ठोका तर आहे. हाताला काय काटे टोचणार आहेत?"

"काटे माझ्या हाताला नाही टोचणार," मी म्हटलं.

तिला कळलं नाही. तिला भाऊ पाच, सगळे एकाच गल्लीत, ती कशाला समजेल.

रुबा मात्र काही बोलत नाही, आणि तेच मला सहन होत नाही. तिनं रागवावं, आदळआपट करावी, म्हणावं की तुझ्या हट्टापायी माझं लग्न मातीत घालतेस. ती नुसती पाईप पुसते आणि पेटीत ठेवते. मला धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय असं झालंय. ठोका मारला तर भाऊ गेला. नाही मारला तर पोरीच्या लग्नाला तिचा ढोल नाही. आणि हे सगळं कुणासाठी? जो माझा फोन उचलत नाही त्याच्यासाठी.

लग्न दहा फेब्रुवारीला, रविवारी, दुपारी. तोवर तू दिसला नाहीस तर मी टिपरू हातात घेणार. हे मी रागात लिहीत नाही. रागात मी कसं लिहिते ते तुला ठाऊक आहे.

विदाद


बैत लोज, १३ फेब्रुवारी २०१९

शुक्री,

तू आला नाहीस. मी खरंच तुझी वाट बघत होते. सकाळी पुलावरून येणाऱ्या टॅक्सी चौकात थांबतात तिथं मी शेजारच्या पोराला दोनदा पाठवलं, आणि दुसऱ्यांदा पाठवताना माझी मलाच लाज वाटली. नवरीच्या आईनं सकाळी काय करावं, आणि मी काय करत होते.

सांगते सगळं. तुला ऐकावंच लागेल.

दुपारी सामेरची माणसं आली, गाड्या सजवून. मागून पथक आलं, पूर्ण पोशाखात. दुसऱ्या रांगेत रुबाची जागा मोकळी ठेवली होती. पथकातली मुलगी लग्नाला निघते तेव्हा तिची जागा भरत नाहीत, तुला आठवतं ना. दोन पाईपवाल्यांच्या मध्ये एका माणसाएवढं अंतर, आणि कुणीच तिथं पाय टाकत नव्हतं. कोपऱ्यावर सगळं मुकं झालं. गल्लीत एवढी माणसं आणि आवाज नाही. उम्म सामेर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "विहीणबाई, आम्ही नवरी न्यायला आलोय की मयत उचलायला?"

मी खाली उतरले. अबू रिझिकनं टिपरू पुढे केलं आणि मी ते घेतलं.

वजनदार असतं रे. इतकी वर्षं तुझ्या हातात बघितलं, मला वाटायचं लाटण्याएवढं असेल. नबीलनं ढोल तिरका करून धरला. मी हात उचलला. समोर अबू रिझिक उभा होता, आणि त्यानं टोपी काढली होती. कशासाठी काढली ते मला लगेच समजलं. माणूस गेला की काढतात तशी काढली होती. त्याच्याही लेखी तू आता जाणार होतास.

माझा हात तिथंच राहिला. किती वेळ राहिला, माहीत नाही. पाठीमागं उंबऱ्यावरून रुबा म्हणाली, "आई, थांब."

ती झगा सावरत खाली आली. माझ्या हातातून टिपरू काढून घेतलं. अबू रिझिकला वाटलं त्याला देतेय, त्यानं हात पुढे केला, पण तिनं ते नेऊन दाराच्या खिळ्याला अडकवलं. तुझ्याच खिळ्याला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "रांगेत असताना मी कधी कुणाच्या घराला घाई केली नाही. माझ्याच घराला कशाला करू? अबू रिझिककाका, चला. बुटांवर चला."

उम्म सामेर म्हणाली, "अगं पोरी, तुझं लग्न आहे."

"आत्या, कोपऱ्यापर्यंतच मुकं जायचंय," रुबा म्हणाली. "तिथून पुढे कान झाकून घ्यायला लागतील."

आणि ती जाऊन रांगेत उभी राहिली. आपल्या मोकळ्या जागेत, पांढऱ्या झग्यात, दोन पाईपवाल्यांच्या मध्ये. सामेर बिचारा गडबडला. मग तोही तिच्या बाजूला घुसला. त्याला पाऊल जुळेना, त्याचा डावा पडे तेव्हा पथकाचा उजवा. ती मान न वळवता त्याला सांगत होती, डावा, डावा. तशी गेली माझी मुलगी घरातून. एक ललकार नाही, एक ताशा नाही, नुसते बूट, आणि तिच्या झग्याची फरशीवर सळसळ.

मला दार लावायचं होतं म्हणून मी मागं राहिले. किल्ली फिरवत होते तेव्हा कोपऱ्यापलीकडे ढोल सुटला. नबीलनं दुसरं टिपरू घेऊन असा वाजवला की गालिचा झोडपणारा हाच का, असं मला वाटलं. आपल्या दारात ऐकू येत होता, पण दुसऱ्यांच्या दारातला. आई एवढी वर्षं झडपेमागं उभी राहून हेच ऐकायची. मी किल्ली तशीच धरून रडले, आणि रडून झाल्यावर तुला शिव्या दिल्या. त्या लिहीत नाही, अबूना समआन हे पाकीट पाहणार आहेत.

चर्चमध्ये मला सगळे विचारत होते, असं का केलंत? अर्धं गाव म्हणतं, वेड्या आहेत दोघी. अर्धं गाव म्हणतं, शुक्रीचं नशीब. तू कुठल्या अर्ध्यात आहेस ते तू ठरव.

मी आता तुला ये म्हणून सांगणार नाही. खूप सांगून झालं, वर्षभर भिकाऱ्यासारखी लिहितेय. फक्त एवढं ध्यानात ठेव. रुबा आता सामेरच्या घरची झाली. या घरात मी एकटी. मी गेले की दारात उभं राहायला कुणी नाही, आणि पथक या दारावरून बुटांवर जात राहील, पन्नास वर्षं, शंभर वर्षं. कुणाचा दुखवटा आहे हे पोरांना माहीतही नसेल, तरी पाईप काखेत घालतील. तुला हेच हवं असेल तर तसं कळव.

विदाद


बैत लोज, १० एप्रिल २०१९

शुक्री,

काल दुपारी फोन वाजला तेव्हा मी कोवळे दुधी कोरत होते, हात सगळे ओले. वाटलं रुबा असेल. पलीकडे कुणी बोलेना, नुसता श्वास, आणि मागं एक बाई स्पॅनिशमध्ये काहीतरी ओरडत होती. मग तू बोललास. वीस वर्षांनी तुझा आवाज ऐकला आणि तू काय बोललास?

"ढोलावर कातडं आहे की प्लास्टिक?"

कशी आहेस नाही. आई कशी गेली नाही. रुबाचं अभिनंदन नाही. कातडं की प्लास्टिक.

मी इतकी चक्रावले की सरळ उत्तर दिलं. म्हटलं, प्लास्टिक, दहा वर्षं झाली. तू म्हणालास, "लग्नाचा व्हिडिओ पाहिला. फक्त बूट ऐकू येतात." मग, "विदाद, प्लास्टिकवर माझ्या हाताला काही कळत नाही. कधी थांबायचं ते कातड्यावर कळायचं. तेव्हाही कळलं होतं, पण उशिरा कळलं." आणि फोन ठेवलास. मी फोनकडे बघत बसले, दुधी बाजूला तसेच.

म्हणजे सवयीनंच पडला होता तो ठोका. सवयीनं. हे एवढं वाक्य त्याच दिवशी आईला सांगितलं असतंस तर, गाढवा, तिनं दोन दिवस तुझ्याशी अबोला धरला असता आणि तिसऱ्या दिवशी मसूर-भात वाढला असता. तुम्हा दोघांच्या मानापायी माझी वीस वर्षं गेली. मला राग येतोय आणि तो कुणावर काढू तेही कळत नाही, एक मेलीय आणि एक चिलीत.

मी तशीच अबू रिझिककडे गेले. त्याला म्हटलं, 'ते' कातड्याचं विचारतायत. तो खुर्चीतून उठला, चर्चच्या माळ्यावर चढला आणि तुझा जुना ढोल खाली घेऊन आला. लाकूड धड आहे. कातडं एका बाजूनं उंदरांनी खाल्लंय. आज सकाळी तो खाटकाकडून बकऱ्याचं ताजं कातडं घेऊन आला आणि ते आपल्या गच्चीवर ताणून वाळत घातलंय, कारण त्याच्या बायकोनं त्याला घरात येऊ दिलं नाही. वास असा सुटलाय की पलीकडची उम्म फरज दोनदा भांडून गेली. मी तिला सांगितलं, शनिवारपर्यंत सोस. कुठला शनिवार ते तिनं विचारलं नाही, मग मीही सांगितलं नाही.

येतो असं तू म्हणाला नाहीस, हे मला कळतं. मीही गादी घालत नाही, मामूलचा खजूर आणला नाही, कुणाला काही बोलले नाही. गावाला वासावरून कळलंय तो भाग वेगळा. अबू रिझिक रोज दोनदा गच्चीवर येऊन कातड्याला बोट लावून बघतो आणि आज म्हणाला, "शुक्री म्हणायचा, कातडं घाईनं वाळवलं की बसका आवाज येतो." शुक्री म्हणाला तो. 'ते' नाही.

आईच्या शब्दाचं काय, हे तू विचारलं नाहीस, तरी सांगते. ती म्हणाली होती, माझ्या दारात. ती होती तोवर तू तो शब्द पाळलास, इतका पाळलास की मातीलाही आला नाहीस. पुरे झालं. आता त्या दाराची किल्ली माझ्याकडे आहे. आणि बाबांचे जे महिने तुझ्या हातून गेले ते आईच्या दारात आपण सगळ्यांनी मिळून मुक्यानं भरून काढलेत, माझ्या मुलीनं तर लग्नाच्या झग्यात.

प्रकाशाचा शनिवार या वर्षी सत्तावीस एप्रिलला आहे. आलास तर सरळ चौकात जा, पथकाबरोबर ये. अबू रिझिक तुझ्यासाठी गळपट्टा ठेवणार आहे, मी तो धुवून दिलाय. दार वाजवू नकोस, हाक मारू नकोस, खिडकीकडे बघू नकोस. मी आत झडपेमागं असेन. टिपरू खिळ्याला आहे, रुबानं अडकवलं तसंच, मी हात लावलेला नाही.

एकच मार. आधी ढोल, मग दार.

विदाद